विश्लेषण : पाचशे तबकड्यांसाठी गायलेले गाणे जगभर कसे पोहोचले? एडविन हॉकिन्स आणि ओकलंडच्या तरुणांचा गायकवृंद

‘ओ हॅपी डे’ हे गाणे अनेकांनी ‘सिस्टर अ‍ॅक्ट २’ या १९९३ च्या चित्रपटात ऐकलेले असते. शाळेची वेडीवाकडी मुले रंगमंचावर उभी राहतात, एक लाजरा मुलगा पुढे येऊन दबक्या आवाजात सुरुवात करतो आणि पुढच्या दोन मिनिटांत सभागृह डोक्यावर घेतो. चित्रपटातली ती शाळा सॅन फ्रान्सिस्कोत आहे. प्रत्यक्षातले गाणे जन्मले ते त्याच खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, ओकलंड आणि बर्कले या शहरांत, आणि तेही तरुण मुलामुलींच्याच गळ्यातून. त्यांना एकत्र आणणारे संगीतकार एडविन हॉकिन्स यांचे १५ जानेवारी २०१८ रोजी कॅलिफोर्नियात स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. बहुतेक श्रद्धांजलींमध्ये एका गाण्याचा उल्लेख होता. त्यांनी आयुष्याची जास्त वर्षे ज्या कामाला दिली, ते मात्र तरुणांना गायला, गाणे लिहायला आणि गायकवृंद चालवायला शिकवण्याचे होते.

गॉस्पेल म्हणजे नेमके काय?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये विसाव्या शतकात घडलेले भक्तिसंगीत म्हणजे गॉस्पेल, अशी ढोबळ व्याख्या करता येईल. गुलामगिरीच्या काळातली सामूहिक गाणी, युरोपातून आलेली जुनी स्तोत्रे आणि ब्लूज, जॅझसारखे गुत्त्यांमध्ये वाजणारे संगीत हे तिन्ही प्रवाह त्यात मिसळले. या मिश्रणाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते थॉमस डॉर्सी हे स्वतः आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवत असत. त्यामुळे ‘हे देवाचे गाणे की बाजारातले?’ हा वाद गॉस्पेलच्या पाचवीलाच पुजलेला आहे. हॉकिन्स यांनाही तो चुकला नाही.

गाण्याची मूलभूत रचना आपल्याला अनोळखी नाही. भजनात बुवांनी ओळ टाकायची आणि मागच्या मंडळींनी ती झेलायची, तसेच येथेही एक मुख्य गायक आणि त्याला उत्तर देणारा समूह असतो. फरक सुरांच्या रचनेत आहे. भजनी मंडळ सहसा एकाच सुरावटीत गाते. गॉस्पेल गायकवृंदात मात्र वरच्या पट्टीतल्या स्त्रिया, खालच्या पट्टीतल्या स्त्रिया आणि पुरुष असे तीन गट एकाच वेळी तीन वेगळ्या सुरावटी गातात. त्या एकमेकींवर बसल्या की जो भरीव नाद तयार होतो, तो एकट्या गायकाला काढता येत नाही. बहुतेक गायकवृंदांत हे सारे कागदावरच्या नोटेशनशिवाय, ऐकून ऐकून पाठ केले जाते. त्यामुळे शिकवणाऱ्याला तिन्ही सुरावटी डोक्यात ठेवून प्रत्येक गटाला स्वतः गाऊन दाखवाव्या लागतात. गायकवृंद सांभाळणे हे म्हणूनच वेगळे कौशल्य आहे आणि ते नुसते चांगले गाता येते म्हणून येत नाही.

ओकलंडमध्ये त्या वेळी काय सुरू होते?

हे न्यूझीलंडचे ऑकलंड नव्हे, कॅलिफोर्नियातले बंदराचे शहर ओकलंड. दुसऱ्या महायुद्धात येथे आणि शेजारच्या रिचमंडमध्ये जहाजबांधणीचे मोठे काम निघाले आणि दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी आली. १९४० मध्ये शहरातली कृष्णवर्णीयांची संख्या जेमतेम साडेआठ हजार होती. दहा वर्षांत ती ४७ हजारांवर गेली. युद्ध संपले, जहाजांचे काम थांबले, माणसे मात्र राहिली. नंतरच्या काळात महामार्ग, टपाल खात्याचे अवाढव्य केंद्र आणि शहरी रेल्वेच्या मार्गासाठी पश्चिम ओकलंडमधल्या वस्त्या पाडल्या गेल्या. सेव्हन्थ स्ट्रीट हा तिथला दुकानांचा आणि जलशांचा गजबजलेला रस्ता, तो याच काळात ओस पडत गेला.

एडविन हॉकिन्स यांचा जन्म १९ ऑगस्ट १९४३ चा, म्हणजे याच लोंढ्याच्या काळातला. वडील गोदी कामगार, आई पियानो वाजवणारी. सरकारी गृहसंकुलातले घर, घरात भावंडांचा गोतावळा आणि सगळेच गाणारे. एडविन सात वर्षांचे असतानाच आईच्या जागी कुटुंबाच्या गाण्याला पियानोची साथ करू लागले. चर्च होते ‘चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट’ या पंथाचे. हा पेंटेकोस्टल पंथ वागण्याच्या बाबतीत कडक, पण वाद्यांच्या बाबतीत मोकळा. ढोल, गिटार, टाळ्या, नाचणे हे सगळे तिथे उपासनेचाच भाग.

ओकलंड हे नाव मराठी वाचकाला एका वेगळ्या कारणाने माहीत असण्याची शक्यता आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी याच शहरात ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला आणि त्याच्या नावावरून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. पोलिसांच्या अरेरावीविरुद्ध सशस्त्र पहारा देणारे पँथर आणि रविवारी चर्चमध्ये गाणारी मुले एकाच शहरातली, एकाच पिढीतली होती. पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये शाळकरी मुलांसाठी मोफत न्याहारीचा उपक्रम सुरू केला, तोही ओकलंडच्या एका चर्चमध्येच. विशीतल्या कृष्णवर्णीय मुलाने करायचे काय, जायचे कुठे, हा प्रश्न त्या शहरात साऱ्यांसमोर होता आणि त्याची उत्तरे अनेक जण आपापल्या परीने शोधत होते.

गायकवृंद कसा जमला?

पँथरांच्या स्थापनेनंतर सात महिन्यांनी, मे १९६७ मध्ये, एडविन हॉकिन्स आणि बेटी वॉटसन यांनी ‘नॉर्दर्न कॅलिफोर्निया स्टेट यूथ क्वायर’ सुरू केला. हॉकिन्स तेव्हा २३ वर्षांचे होते. खाडीच्या आसपासच्या त्यांच्या पंथाच्या चर्चमधून जवळपास पन्नास मुलेमुली जमली. बहुतेक विशीच्या आगेमागे. पंथाचे युवा संमेलन वॉशिंग्टन डी.सी.ला भरणार होते, तिथे आपल्या भागाचे प्रतिनिधित्व करायचे, हे उद्दिष्ट. म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पन्नास जणांना न्यायचे. पैसे हवेत. मग काय करायचे, तर एक तबकडी काढायची आणि ओळखीपाळखीत विकायची. आपल्याकडे गणेश मंडळे स्मरणिका काढून जाहिराती आणि प्रती खपवतात, तसाच हा प्रकार.

बर्कलेतल्या इफेशियन चर्चमध्ये ध्वनिमुद्रण झाले. हौशी मंडळींच्या तबकड्या पैसे घेऊन काढून देणाऱ्या ‘सेंच्युरी’ या कंपनीकडून ती छापून घेतली गेली. अपेक्षा पाचशे प्रती खपाव्यात एवढीच. तबकडीचे नाव होते ‘लेट अस गो इंटू द हाऊस ऑफ द लॉर्ड’ आणि ‘ओ हॅपी डे’ हे त्यातल्या आठ गाण्यांपैकी एक.

ध्वनिमुद्रणाचे तंत्र समजून घेतले तर या गाण्याचा विशेष नीट लक्षात येतो. आज स्टुडिओत प्रत्येक गायकाचा आणि वाद्याचा आवाज वेगळ्या पट्ट्यावर साठवतात. एकाचा सूर चुकला तर तेवढाच पुसून पुन्हा गाता येते, कोणाचा आवाज कमी-जास्त करायचा हे महिन्यानंतरही ठरवता येते. येथे दोनच पट्टे होते. पन्नास गळे, पियानो, बास, तालवाद्ये हे सगळे गातावाजवतानाच एकत्र होऊन फितीवर उतरत होते. एकदा उतरले की वेगळे करता येणार नाही. त्यामुळे समतोल यंत्राने साधायचा नव्हता, तो गाणाऱ्यांनी उभ्या जागेवर साधायचा होता. गाणे सुरुवातीला जवळजवळ कुजबुजल्यासारखे आहे. डोरोथी मॉरिसन या मुख्य गायिकेचा खर्जातला आवाज, मागून समूहाचा दबका प्रतिसाद, आणि मग पायरीपायरीने चढत जाणारा नाद. हा चढ कोणी बटण फिरवून आणलेला नाही. चर्चच्या भिंतींवरून परत आलेला घुमाराही त्या फितीत आहे, तो काढून टाकणे शक्यच नव्हते. आणि बरेच झाले.

गाणे जुनेच, मग नवे काय होते?

शब्द अठराव्या शतकातले. इंग्लंडमधले धर्मोपदेशक फिलिप डॉड्रिज यांचे हे स्तोत्र त्यांच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये प्रसिद्ध झाले, ध्रुवपद एकोणिसाव्या शतकात जोडले गेले. (डॉड्रिज हेही नॉर्दम्पटनमध्ये तरुणांसाठी विद्यालय चालवत. योगायोगच.) चर्चमध्ये ते संथ, सरळ चालीत गायले जाई. हॉकिन्स यांनी कडवी जवळपास बाजूला ठेवली, ध्रुवपद उचलले, त्याला पियानोची डुलती सुरुवात दिली आणि खाली लॅटिन अमेरिकी वळणाचा ताल घातला. ब्राझीलचे संगीतकार सर्जिओ मेंडेस त्या वेळी अमेरिकेत गाजत होते आणि हॉकिन्स यांना त्यांचे संगीत आवडत असे. शब्द आजीचे, ताल नातवाचा. चर्चमधल्या मुलांना ते आपले वाटले यात नवल नाही.

तबकडीची एक प्रत सॅन फ्रान्सिस्कोच्या केसॅन या एफएम केंद्रावर पोहोचली. हे रॉक संगीत लावणारे केंद्र, हिप्पी चळवळीच्या ऐन भरातले. तिथले निवेदक एब केश यांनी ‘ओ हॅपी डे’ लावायला सुरुवात केली आणि लोक पुन्हा पुन्हा विचारू लागले. ‘बुद्धा रेकॉर्ड्स’ या कंपनीने हक्क घेतले (हो, कंपनीचे नाव खरोखरच बुद्धा) आणि १९६९ मध्ये गाणे देशभर गेले. अमेरिकेच्या मुख्य लोकप्रियता यादीत ते चौथ्या क्रमांकावर पोहोचले, ब्रिटनमध्ये दुसऱ्या, तर फ्रान्स आणि नेदरलँड्समध्ये पहिल्या. १९७० मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे हॉकिन्स यांना आणखी तीन ग्रॅमी मिळाले.

या यशात काय हरवले?

इथे गोष्ट थोडी अवघड होते आणि गौरवपर लेखांत हा भाग सहसा गाळला जातो. कंपनीने गाणे बाजारात आणताना गायकवृंदाचे नाव बदलले. ‘नॉर्दर्न कॅलिफोर्निया स्टेट यूथ क्वायर’ जाऊन ‘एडविन हॉकिन्स सिंगर्स’ झाले. लांबलचक नाव रेडिओवर घ्यायला अवघड, शिवाय ते पंथाच्या संघटनेचे नाव, ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण त्यामुळे सहसंस्थापक बेटी वॉटसन यांचे नाव मागे पडले. ज्यांच्या आवाजाने गाणे ओळखले जाते त्या मॉरिसन यांचे नाव आजही अनेकांना माहीत नसते. त्यांनी लवकरच वेगळी वाट धरली. आणि ज्यांच्या प्रवासखर्चासाठी हा सारा खटाटोप होता, ती पन्नास मुले एका माणसाच्या नावामागे ‘सिंगर्स’ झाली. गाणे समूहाचे असले तरी बाजाराला एक चेहरा लागतो, हे तेव्हाही खरे होते.

दुसरी ठिणगी चर्चमध्येच पडली. देवाचे गाणे रॉकच्या केंद्रावर वाजते, क्लबांमध्ये लोक त्यावर नाचतात, मुले चर्चबाहेरच्या रंगमंचावर उभी राहतात, हे अनेक ज्येष्ठांना रुचले नाही. टीका स्वकीयांकडूनच झाली. हॉकिन्स यांची भूमिका वेगळी होती. संदेश चर्चच्या चार भिंतींसाठी नसून बाहेरच्या जगासाठी आहे, असे त्यांचे म्हणणे असे. १९७० मध्ये त्यांच्या गायकवृंदाने मेलनी या गायिकेबरोबर ‘ले डाऊन’ हे वुडस्टॉक महोत्सवातून सुचलेले गाणे गायले आणि तेही अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेले. टीकाकारांचे समाधान अर्थातच झाले नाही.

याच वर्षीची एक गोष्ट भारतीय वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी. बीटल्सचे जॉर्ज हॅरिसन यांना ‘माय स्वीट लॉर्ड’ सुचले ते ‘ओ हॅपी डे’ ऐकून, असे त्यांनीच १९८० च्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या गाण्यात समूह आधी ‘हालेलुया’ म्हणतो आणि पुढे नकळत ‘हरे कृष्ण’ म्हणू लागतो, ‘गुरुर्ब्रह्मा’ हा श्लोकही येतो. हॅरिसन यांचे स्वतःचे गाणे येण्याआधी बिली प्रेस्टन यांनी ते ध्वनिमुद्रित केले आणि त्यात मागे गात होते एडविन हॉकिन्स सिंगर्स. ‘माय स्वीट लॉर्ड’वर पुढे चोरीचा खटला झाला, पण तो दुसऱ्याच एका गाण्यावरून. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हॅरिसन यांनी ‘ही इज सो फाइन’ची नकळत नक्कल केल्याचा निकाल दिला. ज्या गाण्यावरून सुचले म्हणून ते उघडपणे सांगत होते, त्या गाण्याचा खटल्याशी संबंध नव्हता.

मग आयुष्यभर केले काय?

एका तुफान गाजलेल्या गाण्यानंतर माणूस सहसा तसेच दुसरे गाणे शोधत राहतो. हॉकिन्स यांनी ध्वनिमुद्रण, दौरे चालू ठेवले, पण तितके यश पुन्हा आले नाही. त्यांनी वेळ घातला तो वेगळ्या ठिकाणी. सत्तरचे दशक संपता संपता त्यांनी ‘म्युझिक अँड आर्ट्स सेमिनार’ सुरू केला. दरवर्षी साधारण आठवडाभराचे शिबिर. वेगवेगळ्या शहरांतून लोक येणार, गाणे, गीतलेखन, गायकवृंदाचे संचालन यांचे वर्ग होणार, नवी गाणी बसवली जाणार आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक मोठा गायकवृंद रंगमंचावर उभा राहणार. आदल्या आठवड्यात एकमेकांना न ओळखणारे शेकडो लोक त्या रात्री एका सुरात गात असत आणि त्याचेच थेट ध्वनिमुद्रण तबकडी म्हणून बाहेर येई.

ही कल्पना पूर्णपणे नवी नव्हती. जेम्स क्लीव्हलंड यांची ‘गॉस्पेल म्युझिक वर्कशॉप ऑफ अमेरिका’ साठच्या दशकातच सुरू झाली होती, त्याआधी तीसच्या दशकात डॉर्सी यांनी गायकवृंदांची राष्ट्रीय परिषद उभी केली होती. पण हॉकिन्स यांच्या शिबिरात गाणे शिकण्याइतकाच भर गाणे घडवण्यावर होता. छोट्या गावातल्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या कोणा तरुणाचे नवे गाणे तेथे शेकडो आवाजांत ऐकले जाऊ शकत होते. आणि शिकून परत गेलेला माणूस आपल्या गावी तीस-चाळीस जणांना शिकवणार, हा त्यातला खरा हिशेब. १९९३ चा ग्रॅमी हॉकिन्स यांना मिळाला तो याच शिबिराच्या गायकवृंदाच्या तबकडीसाठी. ‘ओ हॅपी डे’चा पुरस्कार सगळ्यांना आठवतो, हा कमी जणांना. हॉकिन्स यांच्या कामाचे मोजमाप करायचे तर हा दुसरा अधिक बोलका आहे.

पहिल्या गायकवृंदातल्या मुलांचे काय झाले, याचीही थोडी उत्तरे नोंदलेली आहेत. एडविन यांचे धाकटे बंधू वॉल्टर हॉकिन्स त्यात होते. त्यांनी १९७३ मध्ये ओकलंडमध्ये ‘लव्ह सेंटर’ हे चर्च सुरू केले आणि त्याच्या गायकवृंदाची १९७५ ची ‘लव्ह अलाइव्ह’ ही तबकडी गॉस्पेलच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जाते. वॉल्टर २०१० मध्ये गेले. ट्रमेन हॉकिन्स याही तिथूनच पुढे आल्या आणि गॉस्पेलमधल्या मोठ्या गायिका ठरल्या. बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावे कुठल्याही यादीत नाहीत.

आज त्याचा संबंध काय?

१९९७ मध्ये कर्क फ्रँकलिन यांचे ‘स्टॉम्प’ हे गाणे रॅप आणि फंकच्या ठेक्यासह आले, तेव्हा चर्चमधून उमटलेली टीका हॉकिन्स यांनी १९६९ मध्ये ऐकली होती तिचीच पुनरावृत्ती होती. त्यातही गाणारा होता तरुणांचाच गायकवृंद, लिंडा सिअराइट यांनी डॅलसमध्ये उभा केलेला ‘गॉड्स प्रॉपर्टी’. फरक एवढाच की या वेळी गायकवृंदाचे नाव तबकडीवर राहिले.

तरुणांना एकत्र ठेवण्यासाठी गायकवृंदच का, खेळाचा संघ का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. खेळाचा संघ हवाच. पण संघात अकरा जणांनाच जागा असते. गायकवृंदात साधारण आवाजाच्या मुलालाही जागा मिळते, कारण त्याला एकट्याला गायचे नसते, शेजारच्याचे ऐकत आपला सूर धरायचा असतो. तालमीला एक जण आला नाही तरी तो सूर पातळ होतो आणि तो न आल्याचे सगळ्यांना कळते. आठवड्यातून दोन संध्याकाळी आपली वाट पाहणारे पन्नास जण असणे, ही ओकलंडच्या त्या वर्षांत काही छोटी गोष्ट नव्हती.

अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २००५ च्या यादीतून ‘ओ हॅपी डे’चा समावेश केला. तेथे ते ‘एडविन हॉकिन्स सिंगर्स’ या नावाने सापडते. चर्चच्या प्रवासखर्चासाठी काढलेली ती पहिली सेंच्युरीची तबकडी शोधायची असेल, तर मात्र ‘नॉर्दर्न कॅलिफोर्निया स्टेट यूथ क्वायर’ याच नावाने शोधावी लागते.